उजव्या डोळ्यातला थवा

सानपाड्याला आम्ही राहायला गेलो तेव्हा आमच्या सोसायटीची मागची भिंत म्हणजे वस्तीची शेवटची भिंत होती. तिच्यापलीकडे खाजण, मग पडीक मिठागराचा मातीचा बांध, मग तिवरांची दाट रांग आणि तिच्याआड खाडी. फ्लॅट दाखवताना एजंटने आम्हाला खिडकीशी नेलं आणि हात फिरवत म्हणाला, "हे सगळं भरणार आहेत. बघता बघता इथे मार्केट होईल." बायकोला ते ऐकून हायसं वाटलं. मला नाही वाटलं, कारण त्याच खिडकीतून मला लांब तांबड्या पायांचे शेकाटे पक्षी चिखलावर उतरताना दिसत होते.

मी तुर्भ्याच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. दिवसभर तिरक्या बोर्डापुढे उभं राहून टाक्यांची आणि पाइपांची ड्रॉइंग्ज काढायची, ट्रेसिंग पेपरवर शाईच्या रेघा ओढायच्या. बायको कोपरखैरण्याच्या शाळेत शिकवायची. घरात आम्ही दोघंच. मला एकच नाद होता, उडत्या पाणपक्ष्यांचे फोटो काढायचा.

हिवाळ्यात उत्तरेकडून हजारो पक्षी खाडीवर येत. चिखल्या, तुतारी, चिमणीएवढे टिलवे. ओहोटीला ते लांब चिखलात पसरलेले असत, नुसते ठिपके. भरतीचं पाणी चढू लागलं की चरत चरत मागे सरकत आणि शेवटी बांधाच्या अगदी जवळ दाटीवाटीने उभे राहत. मग घार तरी येई, नाहीतर कुत्रा, आणि सगळा थवा एकदम उठे. उठला की वळे. वळताना आधी सगळ्या पाठी दिसत, मातकट, आणि पुढच्याच क्षणी सगळी पोटं, पांढरीशुभ्र. मला तो मधला क्षण हवा असायचा, अर्धा थवा मातकट आणि अर्धा पांढरा. पक्षी दिसल्यावर बटण दाबलं तर फोटोत रिकामं आकाश येतं. थव्याबरोबर कमरेतून वळत राहायचं, डाव्या हाताने फोकस फिरवत राहायचं आणि वळण यायच्या किंचित आधी दाबायचं. बहुतेक वेळा चुकतंच. पण एखादा जमला की आठवडाभर मी ऑफिसात शीळ घालत असे.

रविवारी जेवणं झाली की आमच्या बाथरूमची डार्करूम व्हायची. खिडकीला काळा कागद, दाराच्या फटीत जुनी साडी, स्टुलावर निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणारा एन्लार्जर, फळीवर केमिकलचे ट्रे, शेवटचा फोटो पक्का करणाऱ्या हायपोचा, आणि वर लाल दिवा. बायको वैतागायची. "अहो, कुणी पाहुणा आला तर हातपाय धुवायला त्याला कुठे पाठवू? आणि टॉवेलांना तो हायपोचा वास." पण तीच ओले प्रिंट बाल्कनीतल्या दोरीवर चिमटे लावून वाळत घालायची आणि शेजारणीने विचारलं की सांगायची, "ह्यांचे पक्षी."

निगेटिव्हमध्ये जे येतं ते अर्धंच असतं. बाकीचं बाथरूममध्ये करावं लागे. आकाश पोकळ पांढरं आलं असेल तर पुठ्ठ्याला भोक पाडून त्यातून तेवढ्याच भागावर जादा उजेड सोडायचा. पंख काळे पडत असतील तर तारेला चिकटवलेली पुठ्ठ्याची टिकली हलवत त्यांच्यावर सावली धरायची. कडेचा विजेचा खांब कापून टाकायचा. आणि प्रिंट वाळल्यावर धुळीचे पांढरे ठिपके बारीक ब्रशने भरायचे. एका फोटोवर मी अख्खी दुपार घालवत असे, आणि त्या दुपारी मला कसलंही टेन्शन नसे.

टेन्शन होतं ते ऑफिसात. ज्या हिवाळ्याची ही गोष्ट आहे त्या हिवाळ्यात आमच्याकडे कॉम्प्युटर येणार अशी कुजबुज सुरू झाली. बोर्ड जाणार, ड्रॉइंग्ज पडद्यावर होणार, निम्मी माणसं लागणारच नाहीत. चहाला जमलो की दुसरा विषय नसे. मी जेवताना गप्प बसू लागलो. बायकोने विचारलं तर म्हणायचो, "काही नाही."

त्याच सुमारास माझे फोटो बिघडले.

पहिल्यांदा लक्षात आलं ते बांधावर. कॅमेऱ्यातून बघताना पलीकडच्या काठाची रेघ मध्येच खाली दबलेली दिसली, कुणी बोटाने दाबल्यासारखी. मला वाटलं लेन्सचा दोष. पक्षीही नेहमीपेक्षा लहान दिसत होते, रंग उडाल्यासारखे. वाटलं धुकं असेल. मग बाथरूममध्ये निगेटिव्ह मोठी करून भिंग लावलं तर सगळ्यात पुढचा पक्षी पुसट. पुन्हा फोकस केलं, तरी पुसट. मागच्या पक्ष्याकडे वळलो तर तोही पुसट. ज्याच्याकडे बघावं तोच पुसट होतोय, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

मी लेन्स घेऊन फोर्टात दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने ती उघडली, पुसली, तपासली. "साहेब, लेन्स एकदम टकाटक आहे." मी एन्लार्जर उघडला. केमिकल बदललं. एकाच निगेटिव्हचे प्रिंट काढत राहिलो आणि फाडत राहिलो. एका रविवारी बायको फाडलेले तुकडे उचलत होती. एक तुकडा खिडकीशी नेऊन ती म्हणाली, "ह्यात काय खराब आहे? ह्याच्या पंखाचं पीसन् पीस दिसतंय."

"तुला शार्प म्हणजे काय ते कळत नाही," मी म्हणालो.

ती पोरांच्या वह्या तपासणारी बाई. तुकडा ओट्यावर ठेवून ती आत गेली.

पुढच्या रविवारी ट्रे उचलताना हायपोचा थेंब माझ्या डाव्या डोळ्यात उडाला. मी दिवा लावला, डावा डोळा घट्ट मिटून पाण्याने धुतला आणि टॉवेल शोधत समोर बघितलं. समोर बाथरूमच्या टाइल्स होत्या. त्यांच्या सांध्यांच्या रेघा मध्यभागी वाकल्या होत्या. आडव्याही आणि उभ्याही. मी बाजूच्या टाइल्सकडे बघितलं, तर तिथल्या वाकल्या आणि आधीच्या सरळ झाल्या. मधोमध एक मळकट डाग होता, मी नजर नेईन तिथे येणारा. मी डावा डोळा उघडून उजवा मिटला. सगळ्या रेघा सरळ.

मी तिथेच पालथ्या बादलीवर बसलो. बाहेरून बायको विचारत होती, "झालं का? मला मोरी लागणार आहे." रेघा ओढून पोट भरणारा माणूस मी, आणि माझ्या रेघा वाकत होत्या.

वाशीच्या डोळ्यांच्या डॉक्टर शांत स्वभावाच्या होत्या. त्यांनी आधी बारीक चौकटींचा कागद दाखवला आणि दिसतं तसं काढायला सांगितलं. मग हाताच्या शिरेत पिवळं औषध टोचून दोन्ही डोळ्यांच्या आतले फोटो काढले. फ्लॅशवर फ्लॅश. दुसऱ्या दिवसापर्यंत माझी कातडीसुद्धा पिवळी दिसत होती. फोटो तयार झाल्यावर त्यांनी ते उजेडाच्या पेटीवर ठेवले. कृष्णधवल. एका काळसर वर्तुळात शिरांच्या बारीक फांद्या आणि मधोमध एक पांढरा ठिपका, त्यातून वर चढलेला धूर असावा तसा. फोटो कमालीचा शार्प होता. आपल्याच डोळ्याचा आहे हे कळूनही मी आधी तेच बघितलं.

"पडद्याच्या मागे पाणी झिरपलंय," डॉक्टर म्हणाल्या. "पडदा तेवढा उचलला गेलाय, म्हणून रेघा वाकड्या दिसतात. तुमच्या वयाच्या पुरुषांना होतं हे. फार टेन्शन घेता का?"

मी नाही म्हणालो. शेजारी बसलेली बायको म्हणाली, "घेतात."

"बहुतेकांचं आपोआप सुकतं. काही महिने लागतात. थोडा डाग राहू शकतो, परतही येऊ शकतं. झोप नीट घ्या, काळजी कमी करा."

रिक्षात बायको म्हणाली, "ऑफिसात सांगून टाका." मी म्हणालो, "वेडी आहेस का? माणसं कमी करायला निघालेत ते. आंधळा ड्राफ्ट्समन त्यांना आयताच सापडेल." "आंधळे नाही झालात तुम्ही." "होईन." तिने तोंड फिरवलं. एपीएमसी मार्केटवरून रिक्षा चालली होती, कांद्याचे ट्रक रांगेने उभे होते आणि मी एक डोळा झाकून त्यांच्या नंबर प्लेटा वाचून बघत होतो.

मग मी सगळं लपवू लागलो. बोर्डावर डाव्या डोळ्याने काम करायचो, मान तिरकी करून. मान दुखायची, डोकं ठणकायचं. कुणी मागून आलं की सरळ उभा राहायचो. आणि बांधावर जायचं काही सोडलं नाही. उलट हट्टाला पेटलो. उजवा नाही तर डावा. पण हाताला, मानेला, कमरेला उजव्याची सवय. डावा डोळा लावला की नाक कॅमेऱ्याच्या पाठीवर चेपायचं, रोल पुढे सरकवायचा दांडा उजव्या डोळ्यात घुसायचा. थवा उठे, मी वळे, आणि मला सापडेपर्यंत तो तिवरांमागे गेलेला असे. रोल धुतले की नुसतं पाणी आणि आकाश.

पौषातल्या एका सकाळी तुताऱ्यांचा थवा डोक्यावरून फिरत होता. मी डाव्या डोळ्याने त्याच्यामागे वळत गेलो आणि बांधाची कड मला दिसलीच नाही. पाय सटकला. मी खाली चिखलात उभाच्या उभा शिरलो, मांड्यांपर्यंत. कॅमेरा तेवढा वर धरला होता. एक पाय काढायला गेलो की दुसरा आणखी खाली. भरती चढत होती. समोर पाण्याची पातळ कड चिखलावरून सरकत येताना दिसत होती, आणि ती किती लांब आहे तेच मला कळत नव्हतं. दोन्ही डोळ्यांनी मिळून कळतं ते अंतर माझं गेलं होतं. मी ओरडलो.

गावातला एक म्हातारा खांद्यावर जाळं टाकून बांधावरून येत होता. तो धावला. "हलू नको! आडवा हो, छातीवर पड!" मी कॅमेऱ्याचा विचार करत राहिलो तसा तो चिडला. "त्यो डबा फेक पयला! पानी येतंय, दिसत नाय काय?"

दिसत नाही, असंच मला म्हणावंसं वाटलं. मी कॅमेरा बांधाच्या उतारावर फेकला. त्याने जाळ्याची दोरी टाकली, पाय रोवले आणि मला गुरासारखं ओढून वर घेतलं. त्याने मला बिडी देऊ केली. म्हणाला, "घरी कोन हाय तुज्या? त्यांना सांग आज काय झाला ते. लपवू नको."

मी सांगितलं. सांगावं लागलंच असतं, दारात उभा होतो तो गळ्यापर्यंत चिखलाने माखलेला. बायकोने बादल्या भरून दिल्या. मी आंघोळ करून आलो तेव्हा ती खिडकीपाशी रडत होती. "मला पक्ष्यांचा राग येत नाही," ती म्हणाली. "तुम्ही मला काही सांगत नाही त्याचा येतो."

त्यानंतरच्या सुट्टीला ती बांधावर आली. पायात शाळेचे बूट, डोक्याला रुमाल. मी बांधाच्या मधोमध उभा राहायचं, तिने माझा शर्ट मागून धरायचा, असं ठरलं. चिखलाच्या वासाने तिने नाक मुरडलं. पण थवा उठला तशी ती ओरडली, "आले, आले! उजवीकडून! अहो, वर, आणखी वर!" मी ती सांगेल तिकडे कॅमेरा फिरवला. मला फारसं काही दिसत नव्हतं. तिच्या आवाजावर बटण दाबलं.

रोल धुतला तर त्यात थवा होता. वळणारा, अर्धा मातकट, अर्धा पांढरा.

त्याचा प्रिंट काढायला आम्ही दोघं बाथरूममध्ये शिरलो. दोघांना जागा नव्हती, ती ट्रेच्या फळीला चिकटून उभी राहिली. मी भिंग तिच्या हातात दिलं. चक्र फिरवत होतो मी आणि बघत होती ती. "अजून. अजून. मागे घ्या. हां, थांबा." मला वाटायचं, नाही, अजून थोडं हवं. हात शिवशिवायचा. पण मी थांबायला शिकलो. तेवढं शिकायला मला पुष्कळ कागद घालवावे लागले.

प्रिंट ट्रेमध्ये हळूहळू उमटला. मी म्हणालो, "आकाश आणखी काळं करू. पोटं मग चमकतील."

"आकाश काळं नव्हतं. ढग पण नव्हते त्या दिवशी."

"मला तसं दिसलं."

"कुठल्या डोळ्याला?"

क्षणभर मला ते लागलं. मग हसू आलं. लाल उजेडात तीही तोंडावर हात धरून हसायला लागली. घरात कितीतरी दिवसांनी हसण्याचा आवाज झाला. आकाश आम्ही थोडंसंच गडद केलं, तिला पटेल इतकं.

ऑफिसातलं मात्र हसण्यावारी गेलं नाही. एका टाकीच्या ड्रॉइंगमध्ये मी एक माप चुकीचं उतरवलं, तीनचा आठ वाचून. ते वर्कशॉपमध्ये जायच्या आधी आमच्या चीफच्या नजरेला पडलं. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून ड्रॉइंग पुढे ठेवलं. "तुझी अशी चूक मी कधी पाहिली नाही. काय झालंय?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी चुकलेल्या आठाभोवती पेन्सिलने गोल केला. "आधी यायचंस ना माझ्याकडे," एवढंच म्हणाले. रागावले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी माझा बोर्ड दुसऱ्याला दिला आणि मला जुन्या ड्रॉइंग्जच्या खोलीत बसवलं, मागेल त्याला गुंडाळी काढून द्यायला. "डोळा बरा होऊ दे, मग बघू." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं असं मला आजही वाटतं. पण कॉम्प्युटर आले तेव्हा शिकायला पाठवलेल्यांत मी नव्हतो. त्या खोलीत खिडकी नव्हती. जेवणाच्या सुट्टीत मी गेटबाहेर जाऊन उभा राहत असे, नुसता लांब बघत. जुने सोबती भेटले की डोळ्याची चौकशी करत आणि घाईने पुढे जात.

उन्हाळ्यात डोळ्यातलं पाणी सुकलं. डॉक्टरांनी पुन्हा चौकटींचा कागद दिला आणि या वेळी माझ्या रेघा जवळजवळ सरळ आल्या. एका ठिकाणी किंचित खाच राहिली, ती राहणारच म्हणाल्या. उजव्या डोळ्याला लाल रंग अजून विटकरी दिसतो. मी चीफना जाऊन सांगितलं. तोवर आमच्या जुन्या ड्रॉइंग ऑफिसात बोर्ड उरलेच नव्हते, भिंतीला लावून कॉम्प्युटरचे पडदे मांडले होते. मी त्या जुन्या ड्रॉइंग्जमध्येच राहिलो, कंपनी गुंडाळली जाईपर्यंत.

पुढच्या हिवाळ्यात पक्षी आले. खाजणाच्या एका अंगाला भरावाचे डंपर रिकामे होऊ लागले होते, तरी आले. आम्ही दोघं बांधावर जात होतो. मी पुन्हा उजव्या डोळ्याने फोटो काढू लागलो होतो आणि मला वाटत होतं, संपलं ते सगळं. एकदा बायको म्हणाली, "मला द्या ना जरा." मी कॅमेरा दिला, धरायचा कसा ते दाखवलं आणि बांधावर पुढे जाऊन उभा राहिलो.

तिचा रोल आम्ही धुतला. पक्षी सगळे कडेला कापले गेलेले, कुणाचं डोकं, कुणाचे पाय. ती स्वतःवरच हसत होती. मग एका निगेटिव्हवर तिचं भिंग थांबलं. तिने ती एन्लार्जरमध्ये घातली, फोकस केलं आणि मला काही न विचारता कागद लावला.

ट्रेमध्ये मी उमटलो. बांधावर एकटा, पाठीमागे उठलेला थवा, आणि माझा डावा तळवा डाव्या डोळ्यावर घट्ट धरलेला. समोरच्या काठाची रेघ तपासत होतो मी.

"हे अजून करता तुम्ही?" तिने विचारलं.

मला माहीतच नव्हतं. आठवायचा प्रयत्न केला. जिन्यात, रस्त्यात, त्या बिनखिडकीच्या खोलीत. बहुतेक रोजच करत असेन.

"रेघा सरळ दिसतात का, ते मी तुम्हाला विचारत जाईन," ती म्हणाली. "दर रविवारी. खरं सांगायचं."

"बरं," मी म्हणालो. तिने प्रिंट चिमट्याने उचलून हायपोत सोडला.